डॉक्टर चिठ्ठी देतात, औषध कोण समजावणार?

तालुक्याच्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात सकाळी अकराच्या सुमारास औषधाच्या खिडकीपाशी उभे राहून पाहा. केसपेपरची रांग झाली, डॉक्टरांची रांग झाली, आता ही तिसरी रांग. दिवसाची मजुरी बुडवून आलेली एखादी आजी खिडकीत हात घालते. हातावर तीन प्रकारच्या गोळ्या पडतात.

"ही लाल कवा घ्यायची वो, साहेब?"

"सकाळ-संध्याकाळ, जेवण झाल्यावर. चला, पुढचे या!"

आजी गोळ्या पदराच्या गाठीला बांधते आणि एस.टी. गाठते. गावी पोचेपर्यंत लाल कोणती आणि पिवळी कोणती, याचा घोळ झालेला असतो.

डॉक्टरांनी रोग ओळखला, सरकारने औषध दिले. पण ती गोळी ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या दिवसांपर्यंत पोटात गेली नाही तर सारा खटाटोप वाया जातो. हे आपल्या धाराशिव जिल्ह्यातील कष्टकरी कुटुंबांना सर्वांत जास्त कुठे भोवते? तर टी.बी.च्या आजारात.

झोपडीतही टी.बी. बरा होतो

एके काळी क्षयरोग झाला म्हणजे सॅनेटोरियम गाठावे लागे. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या ठिकाणी हवा, विश्रांती आणि दूध-अंडी यांवर रुग्ण महिनोन्‌महिने राहत. ज्याला घर सोडून असे राहणे परवडत नसे, त्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर 1956 साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या एका अभ्यासाने दिले. गरीब वस्त्यांतील 193 रुग्ण निवडले गेले. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवले, काहींना घरीच औषधे दिली. घरी राहणाऱ्यांचे अन्न निकृष्ट होते, घर दाटीवाटीचे होते आणि विश्रांती फारशी नव्हती. तरीही औषध नियमित घेतल्यामुळे तेही जवळजवळ तितकेच बरे झाले. त्यांच्या घरच्या माणसांना लागण होण्याचे प्रमाणही वाढले नाही. 1959 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर टी.बी.चा उपचार रुग्णालयातून घरात आला.

गरिबाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. पण तिच्यात एक अट आहे. औषधात खंड पडता कामा नये.

आज साध्या टी.बी.चा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे, रुग्णाच्या वजनाप्रमाणे एकत्रित गोळ्यांतून रोज दिली जातात. सरकारी केंद्रात ही औषधे मोफत मिळतात. अडचण येते ती महिन्या-दीड महिन्यानंतर. खोकला थांबतो, ताप जातो, भूक लागते. माणसाला वाटते, आपण बरे झालो, आता गोळ्या कशाला? परंतु काही जंतू अजून शरीरात दडून असतात. गोळी बंद होताच ते डोके वर काढतात, आणि मग त्याच औषधांना दाद न देणारा टी.बी. होऊ शकतो. त्याचा उपचार अधिक कठीण असतो. पूर्वी तो दोन-दोन वर्षे चालत असे आणि इंजेक्शनेही घ्यावी लागत.

भीतीपोटीही गोळ्या सुटतात. रिफाम्पिसिन या औषधाने लघवी नारिंगी-लाल होते. कोणी आधी सांगितले नसेल तर रुग्णाला वाटते, रक्तच जाते आहे! तो गोळ्या फेकून देतो. "लघवीचा रंग बदलेल, घाबरू नका," हे एक वाक्य खिडकीवर कानी पडले असते तर उपचार टिकला असता. याच औषधामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हेही माता-भगिनींना सांगायला हवे. उलट डोळे पिवळे दिसणे किंवा नजर अंधूक होऊन रंग नीट न कळणे, ही धोक्याची खूण आहे. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले पाहिजे.

कोयता सहा महिने, कोर्सही सहा महिने

कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. परतायला पाडवा उजाडतो. हंगाम सहा महिन्यांचा आणि टी.बी.चा कोर्सही सहा महिन्यांचा! दिवाळीला गावी सुरू झालेला उपचार उसाच्या फडात तुटतो तो असा.

यावर उपाय आहे. टी.बी.च्या प्रत्येक रुग्णाची 'निक्षय' या सरकारी यंत्रणेत नोंद होते आणि त्याला क्रमांक मिळतो. या नोंदीच्या आधारे देशात कुठेही सरकारी केंद्रात पुढचा उपचार चालू ठेवता येतो. म्हणून टोळी निघण्यापूर्वी आरोग्य केंद्रात जाऊन "आम्ही अमुक कारखान्यावर चाललो" असे सांगावे, नोंद तिकडे कळवायला लावावी आणि क्रमांक कागदावर लिहून जवळ ठेवावा. पौष्टिक आहारासाठी उपचार चालू असेपर्यंत पैसेही मिळतात. 2018 पासून महिना 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1,000 रुपये झाले. हा आपला हक्क आहे, तो सोडू नये.

न दुखणारे आजार

ब्लड प्रेशर आणि शुगर यांचे दुखणे निराळे. ते दुखतच नाहीत! म्हणून "आज बरं वाटतंय" असे म्हणत गोळी सुटते आणि एक दिवस लकवा मारतो. ही गोळी बरे वाटण्यावर सोडायची नसते; डॉक्टर सांगतील तेव्हाच कमी करायची असते. इन्सुलिन घेणाऱ्याच्या घरी फ्रिज नसेल तर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घालून मातीच्या लहान गाडग्यात ठेवावी आणि ते गाडगे ओल्या वाळूत किंवा पाण्याच्या भांड्यात ठेवावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात इन्सुलिन उघड्यावर राहिले तर निकामी होते. तसेच काम बुडू नये म्हणून अंगदुखीची गोळी रोज खाण्याची सवय पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक आहे.

विचारायला लाजू नका

खिडकीमागचा माणूस केवळ गोळ्या मोजून देणारा नाही. 1948 च्या फार्मसी कायद्यानुसार औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टचे आहे आणि 2015 च्या नियमांनी रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरवले आहे. रांग मोठी असते, माणसे अपुरी असतात, हे खरे. तरीही खिडकी सोडण्यापूर्वी पाच गोष्टी विचाराव्यात. ही गोळी कशासाठी? कधी आणि किती? उपाशीपोटी की जेवून? किती दिवस? काय झाले तर थांबवून परत यायचे? वाचता येत नसेल तर पाकिटावर सूर्य आणि चंद्राची खूण करून घ्यावी. ज्या पट्टीवर लाल रेघ असते ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. आणि 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

"आम्हा अडाण्यांना यातले काय कळणार?" असे कोणी म्हणेल. त्यांनी तुळजापूर तालुक्यातील अणदूरकडे पाहावे. तिथे डॉ. शशिकांत अहंकारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनमार्फत खेड्यापाड्यांतल्या, फारसे न शिकलेल्या बायकांना शिकवून 'भारत वैद्य' म्हणून उभे केले. त्या बायका गावातल्या साध्या आजारांवर औषध देऊ लागल्या. समजावून सांगणारा भेटला तर औषध कोणालाही समजते.

आपल्या घरात शाळेत जाणारे मूल आहे ना? आजच त्याला आजीच्या गोळ्यांपाशी बसवा. पाकिटावरचे नाव वाचायला लावा, दिवस मोजायला लावा आणि कॅलेंडरवर रोज एक खूण करायला लावा. खूण चुकली की त्याने आजीला विचारायचे. घरातल्या लेकराचे शिक्षण असे आजीच्या उपयोगी पडू द्या!