सुलतान संजर आणि चोवीस हजार मेंढ्या

राज्यें बुडतात तीं परचक्रानें, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु परचक्राचे घाव सोसून उभें राहिलेलें राज्य घरच्या एखाद्या क्षुल्लक वाटणाऱ्या जुलमानें कोसळतें, ह्याचेंहि दाखले इतिहासांत आहेत. सेल्जुक तुर्कांचा अखेरचा थोर सुलतान संजर ह्याचें चरित्र हा त्यांपैकींच एक दाखला असल्यामुळें तें वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

संजर हा सुलतान मलिकशहाचा पुत्र. 1097 च्या सुमारास, अल्पवयांतच, त्याच्याकडे खुरासानचा कारभार आला व 1118 सालीं तो सर्व सेल्जुकांचा मुख्य सुलतान झाला. हल्लींच्या तुर्कमेनिस्तानांतील मर्व ही त्याची राजधानी. गझनीच्या गादीवर बहरामशहास त्यानेंच 1117 सालीं आपला मांडलिक म्हणून बसविलें. 1141 सालीं समरकंदजवळ कतवान येथें कारा-खिताई लोकांनीं त्याचा दारुण पराभव केला. राणी तुर्कान खातून शत्रूच्या हातीं सांपडली व अमूदर्येपलीकडचा मुलूख गेला. तथापि राज्य बुडालें नाहीं. 1152 सालीं घूरच्या अलाउद्दिनास रणांत कैद करण्याइतकें बळ ह्या वृद्ध सुलतानाच्या अंगीं होतें.

त्याच्या नाशाचें बीज मात्र रणांगणावर नसून मुदपाकखान्यांत होतें. बल्खच्या आसपास ओघूझ तुर्कांचीं मेंढपाळ कुळें राहत असत. सेल्जुक घराणें ह्याच ओघूझांतून निघालेलें, म्हणजे हे सुलतानाचे भाऊबंदच. दरसाल चोवीस हजार मेंढ्या सरकारी मुदपाकखान्यास पोंचविणें हा त्यांचा कर असे. वसुलीस येणारा माणूस मेंढ्यांत नाहक खोड काढी, लांच मागे व वडीलधाऱ्यांचा पाणउतारा करी. शेवटीं त्यांनीं त्याला ठार केलें. मुदपाकखान्याच्या कारभाऱ्यानें ही गोष्ट धन्यास कळविली नाहीं. मेंढ्यांची तूट तो पदरमोड करून भरीत राहिला. पुढें बल्खचा सुभेदार अमीर कुमाज ह्यास हें समजलें, तेव्हां त्यानें दरबारांत बोली लावली कीं, ह्या लोकांवरचा अंमल माझ्याकडे द्यावा, मी तीस हजार मेंढ्या देईन. दरबारानें बोली स्वीकारली. जुलूम कोणाचा, फिर्याद काय, ह्याची चौकशी कोणीं केली नाहीं.

आम्ही खुद्द सुलतानाची रयत आहों, दुसऱ्याचा अंमल मानणार नाहीं, असें ओघूझांनीं बजाविलें. लढाई जुंपली, तींत कुमाज व त्याचा पुत्र मारले गेले. 1153 सालीं संजर स्वतः चालून गेला, तेव्हां ते लोक बायकामुलें पुढें घालून आले व दर घरामागें चांदी देऊं लागले. सुलतानाचें मन द्रवलें. पण अमिरांनीं युद्धाचाच आग्रह धरला आणि तो त्यांस मोडवला नाहीं. परिणाम असा झाला कीं, शाही फौज उधळली व सुलतान आपल्याच रयतेचा कैदी झाला. मर्व व निशापूर हीं विद्येचीं माहेरघरें लुटलीं गेलीं. निशापूरचा थोर न्यायशास्त्री मुहंमद बिन याह्या मारला गेला. ह्या अत्याचारांचें समर्थन आम्ही करीत नाहीं. निरपराध नागरिकांनीं त्या मेंढपाळांचें कांहींच बिघडविलें नव्हतें. दरबारच्या पापाची किंमत त्यांस भरावी लागली. सुमारें तीन वर्षांनीं, 1156 सालीं, संजर कैदेंतून निसटला; पण राज्य उरलें नव्हतें. 1157 सालीं तो वारला. मर्व येथें त्याची भव्य कबर अद्याप उभी आहे.

कांहीं लोक ह्या सर्व अनर्थाचा दोष ओघूझांच्या रानटीपणावर टाकून मोकळे होतात. त्यांस आमचें विचारणें आहे कीं, भरपाई देऊं करणारा रानटी, कीं ती नाकारून तलवार उपसणारा? कायद्याच्या अभ्यासकांस तर ह्या प्रकरणांत विशेष बोध आहे. संजरच्या दफ्तरांतील पत्रांचा 'अतबत-उल-कतबा' नांवाचा संग्रह उपलब्ध आहे. गुरगानच्या तुर्कमानांवर नेमलेल्या अंमलदाराची सनद त्यांत आहे. त्यांस सौम्यपणें वागवावें, पाणी व कुरणें न्यायानें वांटावीं, असें तींत बजाविलें आहे. म्हणजे उत्तम कायदा लिहिणारी लेखणी ह्या दरबारीं होती. उणीव होती ती मेंढपाळाची फिर्याद सुलतानापर्यंत नेणाऱ्या वाटेची. त्या वाटेवर प्रथम लांचखाऊ वसूलदार, मग भित्रा कारभारी आणि शेवटीं लोभी सुभेदार बसला होता. संजरच्या मृत्यूनंतर कवि निजामीनें आपल्या 'मखजन-उल-असरार' काव्यांत एका वृद्धेनें ह्याच सुलतानाचा पदर धरून अंमलदाराच्या जुलमाची दाद मागितल्याची कथा गाइली. लोकांच्या स्मरणांत दिग्विजय मागें पडला, न मिळालेली दाद राहिली.

राजे गेले आणि लोकांनीं निवडलेलीं सरकारें आलीं, म्हणून हा धडा शिळा झाला असें कोणीं समजूं नये. वसूल वाढवून दाखविणाऱ्याची पाठ थोपटली जाते व तक्रार वर नेणाऱ्यास कटकट्या ठरविलें जातें, तेथें कुमाजची बोली आजहि स्वीकारली जात असते. म्हणून सरकारनें वसुलाचा आंकडा पाहण्यापूर्वीं, दाखल झालेल्या किती फिर्यादींचा निकाल लागला, हा आंकडा मागवावा; आणि तो न मागविला गेल्यास नागरिकांनीं तो मागण्याचा आपला हक्क बजावावा.