पहाडी आवाजाचे गारूड

गाणे चांगले म्हणजे गळा गोड, हे समीकरण आपल्या डोक्यात कोणी भरवले कोण जाणे! बहुधा रेडिओने. भावगीतावर वाढलेल्या कानांना खरखरीत, राकट आवाज हा गायकाचा दोषच वाटतो. सोलापूर जिल्ह्याने मात्र महाराष्ट्राला असा एक गायक दिला, की त्याच्या आवाजाला 'गोड' म्हटले असते तर त्याचे चाहतेच अंगावर धावून आले असते. त्या आवाजाला लोकांनी एकच विशेषण राखून ठेवले होते : पहाडी. शाहीर अमर शेखांचा आवाज.

जन्म बार्शीचा, २० ऑक्टोबर १९१६ चा. नाव मेहबूब हुसेन पटेल. सोलापुरात १९३० साली लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे हे चौघे फासावर गेले, तेव्हा हा पोरगा चौदा वर्षांचा होता. पुढे मोटारीवर क्लीनर, मग गिरणी कामगार, मग संप आणि विसापूरचा तुरुंग. गाण्याची तालीम म्हणावी तर ती घरातच झाली. आई मुनेरबीच्या तोंडची लोकगीते ऐकत. कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीतल्या वाऱ्या झाल्या, तिथे 'अमर शेख' हे नाव मिळाले, आणि १९४४ साली अण्णाभाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासह 'लाल बावटा कलापथक' उभे राहिले.

या कलापथकाने काय केले? पोवाडा हा प्रकार अगिनदासाच्या अफझलखानवधापासून, म्हणजे १६५९ पासून, लढायांवर आणि वीरांवर पोसलेला. या मंडळींनी त्यात स्टालिनग्राड आणले, बंगालचा दुष्काळ आणला, गिरणगावातली चाळ आणली. डफ तोच, तुणतुणे तेच, झीलकऱ्यांची 'जी जी रं जी'ही तीच. पण ऐकणाऱ्याला पहिल्यांदाच वाटले, की हा पोवाडा आपल्यावर आहे. आज 'प्रायोगिक' हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. मैदानात, कंदिलाच्या उजेडात, दिवसभर साच्यावर उभे राहून आलेल्या माणसांपुढे केलेला हा प्रयोग त्या शब्दाला जास्त शोभतो, असे माझे मत आहे.

अमर शेख 'गात' असत असे म्हणणे अपुरेच. शाहिराला वरच्या पट्टीत, उघड्या छातीने गावे लागते. मैदानाच्या टोकाला बसलेला माणूस हा त्याचा खरा परीक्षक. अमर शेख त्या पट्टीवर चढत आणि मग गाणे, बोलणे, ललकारी, अभिनय यांतल्या सीमाच पुसून टाकीत. आमच्या पिढीला ते भेटले ते वडीलधाऱ्यांच्या नकलांतून. साधी गोष्ट सांगता सांगता एखादे आजोबा एकदम उठत, डावा हात कानावर जाई, मानेच्या शिरा टरारून फुगत, आणि दुसऱ्या ओळीला ठसका लागून ते खाली बसत. "तसं नाही येत," एवढेच म्हणत. शब्द सगळे पाठ असत. येत नसे तो आवाज. भीमसेनांची नक्कल करणारे पुष्कळ भेटतात. अमर शेखांची करू जावे तर छाती अपुरी पडते.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शिवाजी पार्कवरच्या लाखोंच्या सभांना पुढाऱ्यांच्या भाषणांइतकीच ओढ या शाहिराची असे. गोवामुक्तीसाठीही हा आवाज राबला. मुसलमान घरात जन्मलेला हा माणूस शिवरायांचे नाव घेऊन मराठी मुलुखासाठी गात होता आणि ऐकणाऱ्यांना त्यात काही नवल वाटत नव्हते. नवल आज वाटते, याचेच वाईट वाटते.

'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह आहेत. समीक्षकांनी त्यांना कवी म्हणून फारसे जवळ केले नाही, शाहिरांच्या रांगेत बसवले आणि हात झटकले. मला हा अन्याय वाटतो; पण चाहत्यांचाही थोडा वाटा त्यात आहे. आपण त्या आवाजावर इतके भाळलो, की त्यामागचा कागद उलटून पाहिलाच नाही. अर्थात कागदावर ती ओळ अर्धीच असते, हेही खरे. जिथे शाहीर श्वास रोखून धरील, तिथे छापखान्याने फक्त एक स्वल्पविराम दिलेला असतो. रशियाचा मायकोव्हस्की असाच खड्या आवाजात सभागृहे दणाणून सोडीत असे; त्याच्याही कविता मुकाट्याने वाचल्या तर निम्म्या निसटतात.

२९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. वय अवघे बावन्न. म्हणजे ज्यांनी त्यांना ऐन भरात समोर बसून ऐकले, ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. बार्शी-सोलापूरकडे असे कोणी तुमच्या घरात असतील, तर त्यांना एकदा उठून उभे राहायला सांगा. ठसका लागेल, पाण्याचा तांब्या जवळ असू द्या.