नांगरानं तास सोडलं की

या बाळांनो, जवळ बसा. आजीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही फार लहान होतात.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र ती माझा हात घट्ट धरून म्हणाली, "अहो, छतावर मुंग्या बघा किती!" मी वर पाहिलं. एसीच्या जाळीची भोकं होती ती. मग तिची बोटं चादरीवर फिरू लागली. चिमटीत काहीतरी धरायचं, बाजूला टाकायचं. बऱ्याच वेळानं माझ्या ध्यानात आलं, ती तांदूळ निवडत होती. "आई हाक मारतेय," म्हणत उठायलाच लागली. तिची आई जाऊन तीस वर्षं झालेली. माझ्या पोटात खड्डा पडला.

शेजारच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या, वात झालाय. डॉक्टर म्हणाले, डिलिरियम. हा लॅटिन शब्द मूळचा शेतातला: नांगर तास सोडून भरकटणं.

रात्री खुंटीवरचा सदरा तुम्हाला माणूस वाटतो ना? डोळा अर्धवट खबर धाडतो, उरलेलं मेंदू आठवणीतून भरतो आणि लगेच पडताळतो, म्हणून पुढच्याच क्षणी सदरा दिसतो. पडताळायला लक्ष थाऱ्यावर लागतं. म्हाताऱ्या शरीरात जंतुसंसर्ग झाला, रक्तातलं सोडियम उतरलं, एखादं औषध सोसलं नाही, झोप मोडली, की ते उडतं. मेंदूतला ॲसिटिलकोलिन नावाचा निरोप्या तेव्हा कमी पडत असावा, असं शास्त्रज्ञ मानतात. आणि आजीचा चष्मा नि कानाचं यंत्र तर माझ्याच पिशवीत पडून होतं!

अमेरिकेत येल विद्यापीठातल्या डॉ. शेरॉन इनूये यांनी सत्तरी गाठलेल्या ८५२ रुग्णांचा अभ्यास १९९९ मध्ये छापला. नेहमीच्या उपचारांत १०० पैकी १५ जणांना वात झाला. जिथे चष्मा, कानाचं यंत्र, पाणी, झोप, चालणं नि गप्पा यांची काळजी घेतली, तिथे दहाहून कमी जणांना. केवढी साधी गोष्ट, आणि आपल्याला सुचत नाही!

आजीला लघवीचा संसर्ग होता. त्यावर औषध सुरू झालं. मी चष्मा चढवला, यंत्र लावलं, समोर घड्याळ ठेवलं. मुंग्या नाहीत म्हणून वाद घातला की ती घाबरायची. "मी आहे, आज मंगळवार आहे, सकाळी पोरं येतील," म्हटलं की शांत व्हायची.

चौथ्या दिवशी सकाळी तिनं वर पाहिलं नि म्हणाली, "अहो, ती जाळी पुसायला सांगा कुणाला तरी. किती धूळ साचलीय!"