कावळ्याएवढा चतुर आणि मुलुंडच्या भिंतीवरचा पतंग

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या डोंगराळ अरण्यात सापडलेल्या, ४० सेंटिमीटर लांबीच्या आणि ४४ ग्रॅम वजनाच्या काडीकिड्याचे छायाचित्र ऑगस्ट २०२५ मध्ये जगभर पोहोचले. बोरिवली-मुलुंडच्या इमारतींच्या भिंतींवर विसावलेल्या अ‍ॅटलास पतंगाची छायाचित्रेही दर पावसाळ्यात अशीच हातोहात फिरतात. अशा बातम्यांना बहुधा एक ठरलेले वाक्य जोडलेले असते, ते असे की तीस कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन जास्त होता, म्हणून कीटक प्रचंड होते. हे वाक्य खोटे नाही, परंतु त्यातील ‘म्हणून’ हा शब्द हाती असलेल्या पुराव्यापेक्षा बरेच जास्त सांगतो.

ज्या प्राण्यामुळे ही कल्पना रूढ झाली तो मेगान्यूरा हा चतुरासारखा कीटक होय. फ्रान्समधील कॉमेंत्री येथील कोळशाच्या खाणीत त्याचे जीवाश्म मिळाले आणि १८८५ मध्ये शार्ल ब्राँन्यार या पुराजीवशास्त्रज्ञाने त्याला हे नाव दिले. त्याचा पंखविस्तार, म्हणजे पसरलेल्या पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर, सुमारे ६५ ते ७० सेंटिमीटर होता. मुंबईच्या कावळ्याचा पंखविस्तार याहून थोडाच जास्त भरतो, आणि त्यामुळे ‘गरुडाएवढा कीटक’ हे वर्णन सोडून देणेच योग्य ठरते. तो आजच्या चतुरांचा पूर्वजही नव्हता, तर त्यांच्या जवळच्या, पुढे निर्वंश झालेल्या शाखेतील होता. याच शाखेतील मेगान्यूरॉप्सिस हा अमेरिकेतील कीटक, ज्याचे वर्णन फ्रँक कार्पेंटर यांनी केले, सुमारे ७१ सेंटिमीटरपर्यंत पोहोचत असावा. तो पर्मियन कालखंडातला, आणि चंद्रपूर-वणी पट्ट्यातील कोळसाही पर्मियन काळातील वनस्पतींचाच. मुंबईच्या उपनगरांच्या भूमीत मात्र असे जीवाश्म शोधण्यात अर्थ नाही, कारण अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे आणि तो थिजला तेव्हा हे महाकाय कीटक लोपून सुमारे अठरा कोटी वर्षे उलटली होती.

कीटक मोठे का होत नाहीत, या प्रश्नाचे सर्वांत नितळ उत्तर जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ मध्ये ‘ऑन बीइंग द राइट साइज’ या निबंधात दिले. हाल्डेन १९५७ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तले. त्यामुळे हे उत्तर भारतीय वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही. कीटकाला फुप्फुस नसते. त्याच्या शरीराच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रे, म्हणजे श्वासरंध्रे, असतात, आणि त्यांतून आत शिरणाऱ्या व पुन्हा पुन्हा फाटे फुटत जाणाऱ्या श्वासनलिका हवा थेट पेशींपर्यंत नेतात. रक्ताकडे ऑक्सिजन वाहण्याचे काम जवळजवळ नसतेच. नळीच्या टोकाकडील ऑक्सिजन मुख्यतः विसरणाने, म्हणजे दाट भागाकडून विरळ भागाकडे आपोआप पसरत, पुढे सरकतो, आणि ही गती अंतर वाढताच झपाट्याने अपुरी पडते. म्हणून हाल्डेन यांनी कीटकाची मर्यादा लांबीत न शोधता जाडीत शोधली, आणि अर्ध्या इंचाहून फारसे जाड कीटक का आढळत नाहीत ते यावरून सांगितले. त्यांनी दिलेले खेकड्याचे उदाहरण तर अतिशय समर्पक आहे: तोही कवचधारी आणि सांधेदार पायांचाच प्राणी, पण त्याचे रक्त ऑक्सिजन वाहते, आणि म्हणूनच वेसाव्याच्या बाजारातील चिंबोरी कोणत्याही कीटकापेक्षा भारदस्त होऊ शकते.

या दृष्टीने पाहिले असता ऑस्ट्रेलियाचा काडीकिडा, मेगान्यूरा आणि अ‍ॅटलास पतंग हे तिघेही एकच मार्ग पत्करतात असे दिसते: पसारा वाढवायचा, पण धड बारीकच ठेवायचे. अ‍ॅटलासचा पंखविस्तार २४ सेंटिमीटरच्या आसपास जातो, मात्र त्याचे शरीर त्या पंखांच्या मानाने अगदीच लहान असते.

हाल्डेन यांच्या विवेचनात पुढील संशोधनाने दुरुस्ती केली. क्ष-किरणांनी जिवंत कीटकांचे निरीक्षण केल्यावर अनेक कीटक श्वासनलिका दाबून-सोडून हवा चक्क पंपासारखी खेळवतात, असे दिसून आले. २००७ मध्ये अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेत भुंगेऱ्यांच्या चार जाती तपासल्या असता, मोठ्या जातींच्या शरीरात श्वासनलिकांना प्रमाणाबाहेर जास्त जागा लागते, आणि पाय जेथे धडाला जोडलेला असतो त्या अरुंद तोंडाशी ही जागा संपते, असे आढळले. या हिशेबाने निघणारी भुंगेऱ्यांची कमाल लांबी दक्षिण अमेरिकेतील टायटन भुंगेऱ्याच्या, म्हणजे सुमारे १६ सेंटिमीटरच्या, आसपास येते. ऑक्सिजनचे महत्त्व यातून सिद्ध होते. परंतु जास्त ऑक्सिजनमध्ये वाढवलेले चतुर मोठे झाले असले तरी झुरळे मोठी झाली नाहीत, आणि हा निष्कर्ष ठरलेल्या वाक्यात कधीच येत नाही.

त्याहून महत्त्वाचा आहे मॅथ्यू क्लॅपहॅम आणि जेरेड कार यांचा २०१२ मधील अभ्यास. दहा हजारांहून अधिक जीवाश्म-पंखांची मापे घेऊन त्यांनी दाखवले की सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत कीटकांचा कमाल आकार ऑक्सिजनच्या चढउताराबरोबर हलतो, आणि त्यानंतर ऑक्सिजन वाढत असतानाही कीटक लहान होऊ लागतात. हा पक्ष्यांच्या उदयाचा काळ आहे. चपळपणे वळणाऱ्या पक्ष्यापुढे अवजड उडणारा कीटक टिकत नाही. मेगान्यूराच्या आकाशात असा शत्रूच नव्हता. आज समजा हवेतील ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेला, तरी कावळे, वेडे राघू आणि कोतवाल असलेल्या आकाशात मेगान्यूरा परतणार नाही, असेच मत या पुराव्यावरून बनते.

अ‍ॅटलास पतंगाचे जीवन याला दुजोरा देते. तो दिवसा हालत नाही, उडतो ते रात्री. त्याच्या पुढच्या पंखांची टोके सापाच्या डोक्यासारखी दिसतात आणि ती पक्ष्यांना दूर ठेवत असावीत, असे मानले जाते. विदर्भातील टसरच्या कोशाचा पतंग याच कुळातला. या कुळातील इतर पतंगांप्रमाणे अ‍ॅटलासच्या प्रौढ पतंगालाही खाण्याजोगे तोंड नसते. पेरू, दालचिनी अशा झाडांची पाने खाऊन अळीने साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडा-दोन आठवडे जगतो. या मुदतीत मादीच्या गंधाचा माग आपल्या पिसासारख्या मिशांनी काढून नराला तिच्यापर्यंत पोहोचायचे असते.

१०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाविषयी लिहिताना बिबट्याला जी जागा मिळते तिचा दहावा हिस्साही या पतंगाला मिळत नाही, हे खेदजनक आहे. उद्यानाच्या कडेच्या वसाहतींतील जिन्यांचे आणि फाटकांचे रात्रभर जळणारे दिवे त्याला भिंतीकडे ओढतात आणि आयुष्याच्या मोजक्या रात्रींतील एखादी तेथेच संपते. त्याचा कोश पानात गुंडाळून फांदीला टांगलेला असतो आणि लांबून सुकलेल्या पानासारखाच दिसतो, त्यामुळे पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत अशी फांदी तोडली गेली, तर तिच्यावरचा जिवंत कोशही कचऱ्याच्या गाडीतून जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.