मातेचे दुहेरी दान

बाळंतिणीच्या खोलीबाहेर ताटकळत उभ्या असलेल्या आप्तेष्टांना पहिली वार्ता कळते ती मुलगा की मुलगी याची. आणि त्याच श्वासात दुसरा प्रश्न विचारला जातो, 'वजन किती?' परिचारिकेने सांगितलेला तो आकडा मग सगेसोयऱ्यांत घरोघर फिरतो. तो तीन किलोंच्या वर असेल तर आजीचा चेहरा फुलतो. अडीचच्या आत असेल तर 'सून नऊ महिने धड जेवलीच नाही' असा निवाडा त्याच दिवशी देऊन टाकला जातो. काही घरांत निवाड्याचे शब्द निराळे असतात : 'आईचेच अंग किरकोळ, मूल कुठून भरणार?' एका मते दोष सुनेच्या वागणुकीचा, दुसऱ्या मते तिच्या माहेरच्या रक्ताचा. आरोपी मात्र दोन्ही खटल्यांत एकच. या खटल्यात आजच्या विज्ञानाची साक्ष काय आहे, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे झाले आहे.

ही साक्ष प्रथम मिळाली ती प्रसूतिगृहात नव्हे, तर घोड्यांच्या पागेत. इंग्लंडमधील केंब्रिज येथील वॉल्टन आणि हॅमंड या दोघा संशोधकांनी १९३८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. शायर ही अवजड गाड्यांना जुंपण्याची धिप्पाड जात, तर शेटलंड ही ठेंगण्या तट्टांची. कृत्रिम रेतनाच्या साहाय्याने त्यांनी या दोन जातींचा संकर दोन्ही बाजूंनी घडवून आणला. एकदा आई शायर आणि बाप शेटलंड, एकदा त्याच्या उलट. दोन्ही शिंगरांचा वारसा अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा. तरीही शायर घोडीच्या पोटी जन्मलेले शिंगरू शेटलंड घोडीच्या शिंगराच्या सुमारे तिप्पट वजनाचे भरले. लहानग्या घोडीने बापाच्या थोर देहाची भीड न धरता आपल्या कुशीत मावेल एवढेच मूल वाढविले होते. पुढे वयात येताना हे अंतर कमी झाले, पण पुरते पुसले गेले नाही.

माणसांवर असले प्रयोग करता येत नाहीत. परंतु दुसऱ्या स्त्रीचे बीज घेऊन गर्भ वाढविणाऱ्या मातांची जी पाहणी १९९५ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली, तिनेही हाच कौल दिला. बाळाचे वजन बीज देणारीच्या वजनाशी नव्हे, तर गर्भ वाहणारीच्या वजनाशी जुळत होते. कूस ही नुसती रिकामी जागा नसून ती स्वतः एक कर्ती शक्ती आहे, असाच या दोन्ही दाखल्यांचा अर्थ.

आता येथे जनुकांचा संबंध कसा येतो तो पाहू. आई आपल्या जनुकांपैकी निम्मी मुलाला देते. उरलेली निम्मी बापाकडून येतात. आईची जी निम्मी मुलाच्या वाट्याला येत नाहीत, ती तिच्यापाशीच राहतात. परंतु ती स्वस्थ बसत नाहीत. तिच्या रक्तातील साखर किती असावी, रक्तदाब किती राहावा, वारेला रक्त कसे पोहोचावे, हे ठरविण्यात आईच्या साऱ्याच जनुकांचा हात असतो. म्हणजे मातेचे दान दुहेरी आहे. एक दान ती बीजातून देते; दुसरे कुशीतून. मुलाला न मिळालेले जनुकही त्याला घडविण्यात भाग घेऊ शकते, ही गोष्ट वारशाविषयीच्या आपल्या रूढ कल्पनेत बसणारी नाही. पण ती खरी आहे.

हे दोन मार्ग वेगळे ओळखायचे कसे, हा प्रश्न शास्त्रज्ञांना दीर्घकाळ छळीत होता. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय संशोधनाने त्याचे बरेच निरसन केले. तीन लाखांहून अधिक व्यक्तींचे स्वतःचे जन्मवजन आणि दोन लाखांहून अधिक मातांच्या अपत्यांचे जन्मवजन तपासून जन्मवजनाशी निगडित अशी १९० जनुकीय स्थाने त्यात नोंदली गेली. त्यांपैकी काही केवळ बाळाच्या जनुकांतून काम करतात, काही केवळ आईच्या, तर काही दोघांच्याही. आणि चमत्कार असा की, काही ठिकाणी एकाच जनुकाचा परिणाम आईत एका दिशेचा, तर बाळात नेमका विरुद्ध दिशेचा असतो.

या विरोधाचे उत्तम उदाहरण इंग्लंडमधील एक्सेटरच्या संशोधकांनी १९९८ सालीच दाखविले होते. ग्लुकोकायनेज नावाचे एक जनुक आहे. रक्तात साखर किती चढली याची वर्दी स्वादुपिंडाला देणे, हे त्याचे काम. ते आईत बिघडलेले असेल तर तिची साखर थोडी चढी राहते. ही साखर वार ओलांडून बाळाकडे जाते. आईचे इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःचे इन्सुलिन अधिक निर्माण करते, आणि गर्भावस्थेत इन्सुलिन हे वाढीचे खतच असल्याने बाळ सुमारे ६०० ग्रॅमने जड होते. तोच बिघाड बापाकडून बाळात आला तर बाळाच्या स्वादुपिंडाला साखरेची वर्दीच नीट पोहोचत नाही. इन्सुलिन कमी पडते आणि वजन सुमारे ५०० ग्रॅमने घटते. दोघांतही बिघाड असेल तर बेरीज-वजाबाकी होऊन बाळ सर्वसाधारण वजनाचे जन्मते! केवळ काट्यावरचा आकडा पाहून आईविषयी निवाडा देणाऱ्यांनी हे एक उदाहरण तरी ध्यानात ठेवावे.

अशी बिघडलेली जनुके विरळा. परंतु साखरेचे व रक्तदाबाचे मान किंचित वर-खाली करणारी जनुके आपणा सर्वांतच आहेत. युरोपीय वंशाच्या तीस हजारांहून अधिक मातांची माहिती घेऊन २०१६ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात असे आढळले की, आईच्या जनुकीय घडणीमुळे तिची उपाशीपोटीची साखर सात अंशांनी अधिक असेल तर बाळ सुमारे ११४ ग्रॅमने जड होते. आणि वरचा रक्तदाब दहा अंशांनी अधिक असेल तर ते सुमारे २०८ ग्रॅमने हलके होते. हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावणे बरे नव्हे; पण त्यांतील तत्त्व सर्वत्र सारखेच आहे. आईची जनुके ज्या वाटेने कुशीत काम करतात ती वाट गूढ नाही. ती दंडाला पट्टा बांधून आणि बोटाला सुई टोचून मोजता येणारी आहे. आणि जे मोजता येते ते पुष्कळ अंशी आवरताही येते.

आमच्या मते या साऱ्या संशोधनाचे मर्म येथेच आहे. 'जनुक' हा शब्द ऐकला की आपल्याकडे पूर्वीच्या 'ललाटरेषे'ची आठवण जागी होते. जे सटवीने कपाळावर लिहिले तेच आता पेशीत लिहिलेले सापडले, एवढाच फरक. मग आहाराची, औषधाची, विश्रांतीची यातायात कशाला? हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझी सैन्याने पश्चिम हॉलंडची रसद तोडली, तेव्हा गर्भारपणाचे अखेरचे महिने उपासमारीत काढलेल्या मातांची बाळे सरासरीने सुमारे ३०० ग्रॅमने हलकी जन्मली. देश मुक्त झाला, अन्न आले आणि वजने पूर्ववत झाली. चार-सहा महिन्यांत कोणत्याही लोकांची जनुके बदलत नसतात. बदलले होते ते पानातले अन्न.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास आरंभिला. पूर्ण दिवसांची तेथील बाळे सरासरीने २.७ किलोंच्या आतबाहेर भरली. इंग्लंडमधील बाळे साडेतीन किलोंची. जनुकांचा वाटा त्यात असेलच. पण त्याच खेड्यांत, ज्या माता पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेत त्यांची बाळे मोठी होती, आणि ज्यांच्या वाट्याला शेतातले व पाणी वाहण्याचे काबाडकष्ट अधिक, त्यांची लहान. शिवाय ही हलकी बाळे स्नायूंनी कृश असली तरी त्यांच्या त्वचेखालची चरबी मात्र तितकीशी घटलेली नव्हती. मधुमेहाचे बीज येथेच पडत असावे, असा या संशोधकांचा कयास आहे.

गोव्याने तर या विषयाकडे दुर्लक्ष करणे परवडणारेच नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांतील मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक आढळले ते गोव्यात : २६.४ टक्के. ज्या प्रदेशात साखर इतक्या घरांत शिरली आहे, तेथे चार किलोंचे बाळ हे नेहमीच अभिमानाचे कारण नसते. ते आईच्या न तपासलेल्या साखरेची खूणही असू शकते. असे बाळ जन्मताना अडण्याचा धोका असतो, आणि जन्मल्यावर त्याचीच साखर एकाएकी उतरू शकते. दुसऱ्या टोकाला, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात वजन नोंदल्या गेलेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के अडीच किलोंच्या आत होती, आणि १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रासलेल्या होत्या. त्यांच्या जनुकांना दोष देण्यापूर्वी त्यांच्या ताटाकडे पाहावे लागेल.

उपाय अपूर्व नाहीत. गर्भारपणात साखर, रक्तदाब व रक्तातील लोह वेळेवर आणि पुन्हा पुन्हा तपासणे, हा त्यांतला पहिला. सरकारी आरोग्य केंद्रांतून २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तिचा लाभ पहिल्या महिन्यांपासून घ्यावयास हवा, सातव्या महिन्यात ओटी भरल्यावर नव्हे. दुसरा उपाय विश्रांतीचा. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली खरी, पण ती पगारपत्रकावर नाव असलेल्या स्त्रीला. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन दारोदार हिंडणारी आणि रोजंदारीवर शेतात वाकणारी स्त्री त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली आहे. कूस तिलाही आहे, आणि तिच्या कुशीतला नागरिकही याच प्रजासत्ताकाचा आहे.

तिसरा उपाय मात्र कोणतेही सरकार करू शकणार नाही. तो घरातच व्हावयास हवा. आईने कोणती जनुके घेऊन जन्मावे, हे तिच्या हाती नव्हते; त्यांतली कोणती निम्मी मुलाला द्यावीत, हेही नाही. बाळाची निम्मी जनुके बापाची, आणि बाळाचे वजन ठरविण्यात बाळाच्या स्वतःच्या जनुकांचा वाटा आईच्या जनुकांहून मोठा, असेच २०१९ च्या संशोधनाने सांगितले. हलक्या बाळाला पुढे रक्तदाबाचा विकार जडला तर त्याचे खापर कुशीवर फोडण्याची जी रीत पडत चालली होती, तिलाही या संशोधनाने आळा घातला. तो संबंध बव्हंशी आईकडून वारशाने आलेल्या जनुकांचाच निघाला, कुशीतल्या हयगयीचा नव्हे.

तेव्हा पुढच्या वेळी बाळंतिणीच्या खोलीबाहेर तो आकडा कानी येईल, तेव्हा सासूबाईंनी निवाडा थोडा लांबणीवर टाकावा. आत जाऊन आधी सुनेचा हात हाती घ्यावा, आणि तिच्या साखरेची, रक्तदाबाची व जेवणाची चौकशी करावी. ही चौकशी नऊ महिने आधीच झाली असती तर अधिक बरे झाले असते, एवढे त्यांच्या मनात आले तरी पुढच्या गर्भारपणाची पुष्कळ तयारी झाली म्हणावयाची.