रुगर सिंगल-सिक्स

रुगर सिंगल-सिक्स हे स्टर्म, रुगर अँड कंपनी या अमेरिकी कंपनीने १९५३ साली बाजारात आणलेले .२२ रिमफायर रिव्हॉल्वर आहे. अमेरिकेत ते मुख्यतः नेमबाजीचा सराव, रानातील भटकंती व लहान शिकार यांसाठी विकत घेतले जाते.

रचना

याचे बाह्यरूप एकोणिसाव्या शतकातील कोल्ट रिव्हॉल्वरसारखे आहे; मात्र आत पट्टीच्या स्प्रिंगांऐवजी अधिक टिकाऊ अशा वेटोळ्याच्या स्प्रिंगा आहेत. प्रत्येक गोळीसाठी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो. रिमफायर काडतुसाचे पेट घेणारे मिश्रण बुडाच्या कडेत असते. असे काडतूस स्वस्त असते व त्याचा धक्काही सौम्य असतो; परंतु ते पुन्हा भरता येत नाही.

सुरक्षितता

सुरुवातीच्या प्रतिकृतींत घोडा भरलेल्या कप्प्यावर टेकलेला असताना शस्त्र खाली पडल्यास गोळी सुटू शकते. त्यामुळे त्यांत पाचच काडतुसे भरून घोडा रिकाम्या कप्प्यावर ठेवणे आवश्यक ठरते. १९७३ साली आलेल्या ‘न्यू मॉडेल’मध्ये एक सरकती पट्टी बसवण्यात आली. चाप पूर्ण ओढलेला असतानाच ती घोड्याचा आघात सुईपर्यंत पोहोचवते.

जुन्या प्रतिकृतीच्या चौकटीवर तीन स्क्रू दिसतात. कंपनी अशा शस्त्रांत सुरक्षा-सुधारणा विनामूल्य करून देते. स्क्रू मात्र तसेच राहतात. म्हणून वापरलेले शस्त्र घेताना ही सुधारणा झाली आहे की नाही, हे जाणकाराकडून तपासून घेणे महत्त्वाचे असते.