वसईची भाषा आणि मुलांचें शिक्षण

मुलांस भाषा शिकवितांना आपण ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ हे दोन शब्द इतक्या सहज वापरतों, कीं त्यांचा अर्थ तपासून पाहण्याचें कारणच पडत नाहीं. विद्यापीठांतून भाषिक मानवशास्त्र या नांवाचा जो विषय शिकवितात, तो नेमका येथून सुरू होतो. कोण, कोणाशीं, कोठें, कोणत्या भाषेंत बोललें, आणि त्यावरून ऐकणाऱ्यानें बोलणाऱ्याची काय किंमत केली, हें तो पाहतो. नांव जड असलें तरी दहा-बारा वर्षांच्या मुलांसही हा विषय शिकवितां येईल, आणि त्यास वर्तमानपत्र, चित्रपट व आगगाडी एवढीं साधनें पुरतील, असें आमचें मत आहे. वसई-विरारचा टापू तर यासाठीं जणूं मुद्दाम योजिलेला आहे.

विरारहून सुटणाऱ्या लोकलमध्यें पुढील स्थानकाचें नांव मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तीन भाषांत ऐकूं येतें. ही झाली सरकारी व्यवस्था. प्रवाशांची व्यवस्था निराळीच असते. जागा मागतांना मुंबईची हिंदी, घरच्यांशीं फोनवर गुजराती वा भोजपुरी, शेजारणीशीं मराठी, आणि साहेबाचा फोन आला कीं इंग्रजी! मुलानें वहींत एवढेंच टिपावें, कीं एकाच मनुष्यानें भाषा केव्हां बदलली, व त्या क्षणीं समोर कोण होतें. सांगली जिल्ह्यांतील कुपवाड गांवीं जॉन गंपर्झ व रॉबर्ट विल्सन यांनीं असेंच कान देऊन ऐकलें. मराठी, कानडी व उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यांनीं आपापले शब्द वेगळे राखले, पण वाक्यांची घडण सहवासानें जवळजवळ एक होऊन गेली, असें त्यांनीं १९७१ सालीं दाखविलें.

वर्तमानपत्राचा धडा याहून सोपा. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा निर्णय शासनानें १६ एप्रिल २०२५ रोजीं काढला व मोठ्या विरोधानंतर २९ जून रोजीं मागें घेतला. त्या आठवड्यांचीं कात्रणें मुलांपुढें ठेवावींत आणि भाषेस लाविलेलीं विशेषणें तेवढीं अधोरेखित करण्यास सांगावें. कोणी तीस आई म्हणतो, कोणी राष्ट्राची, कोणी पोटाची. वादाचें मूळ बहुधा त्या विशेषणांतच सांपडतें. चित्रपटाचेंही तसेंच. मालिकांतून घरगडी व विनोदी पात्रें गांवढळ बोलतात, नायिका मात्र पुणेरी. ‘सैराट’ (२०१६) मध्यें नायक-नायिकाच करमाळ्याकडील बोलींत प्रेम करूं लागलीं, तेव्हां त्या बोलीस हंसणारे आपण कोठें गेलों, हें मुलांनीं जरूर विचारावें.

आतां खुद्द वसईकडे वळूं. येथील सामवेदी बोली, जिला कादोडी असेंही म्हणतात, सामवेदी ब्राह्मणांच्या घरीं बोलली जाते, आणि तीच सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी, यांच्याही घरीं. पोर्तुगीजांचा अंमल १५३४ ते १७३९ पर्यंत येथें होता. तेवढ्या काळांत कित्येकांचा धर्म बदलला; चुलीजवळची बोली बदलली नाहीं. ग्रियर्सननें १९०५ च्या आपल्या भाषा-पाहणींत कोंकणांतल्या बोलींस कोळी, आगरी, कुणबी, भंडारी अशीं जातींचीं नांवें दिलीं. पुण्याकडील बोलीस मात्र ‘प्रमाण मराठी’ म्हटलें. प्रमाण मानलेल्या बोलीची जात दिसेनाशी होते, ही गोष्ट आमच्या वाचकवर्गानें तरी ध्यानांत घेण्याजोगी आहे. शिवाय बटाटा, पाव, पगार, चावी हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द आपल्या सोंवळ्या घरांतही बिनदिक्कत वावरत असतात.

वसईच्या नंदाखाल गांवचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं ‘सुवार्ता’ मासिक वर्षानुवर्षें चालविलें व बायबल सुबोध मराठींत आणलें. जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हां ख्रिस्ती धर्मगुरु या पदावर कसा, असा आक्षेप कांहींनीं घेतला. मराठी भाषा कोणा एका धर्माची आहे काय, हा प्रश्न त्या दिवसांतील बातम्यांवरून जितका स्पष्ट शिकवितां येईल, तितका कोणत्याही व्याख्येवरून येणार नाहीं.

आमची खरी काळजी घरांतली आहे. शाळेंत हंसूं होतें म्हणून मूल घरची बोली दडवितें. आई त्याशीं ‘शुद्ध’ बोलूं लागते. आणि आजीशीं नातवाचें बोलणें ‘जेवलास कां’ एवढ्यावर येऊन थांबतें. यावर उपाय म्हणून एक गृहपाठ सुचवितों. मुलानें आजीजवळ बसून वाडींतले शब्द विचारावेत: केळीच्या निरनिराळ्या अवस्थांचे, पाटपाण्याचे, सुकेळीं वाळविण्याच्या कृतीचे. तिचा आवाज फोनवर उतरवून घ्यावा व प्रत्येक शब्दापुढें तो कोणाच्या तोंडचा, हें लिहावें. वाड्यांच्या जागीं इमारती उठत आहेत, आणि ज्या कामाचा शब्द, तें काम ठाऊक असलेलीं माणसें आतां सत्तरीपुढचीं आहेत.